शाळेला मुलीचं इन्स्टा दाखवायचं का? सही करू की नको?

वडगावची_आई
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतीच्या धाग्यांवर असते, इकडे पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगी नववीत. शाळा बेळगावातलीच, इंग्रजी माध्यम, नाव सांगत नाही. शनिवारी दप्तरातून चार पानी कागद आला. पहिली तीन पानं फी, बस आणि युनिफॉर्मची. चौथ्या पानावर एक तक्ता: विद्यार्थ्याचा मोबाईल नंबर, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, यूट्यूब, 'इतर'. त्याखाली लिहिलंय की शाळेची शिस्त समिती ही खाती वेळोवेळी पाहील, शाळेच्या नावाला बाधा येईल असं काही आढळलं तर कारवाई होईल, आणि पालकांची याला संमती आहे. खातं प्रायव्हेट असेल तर शाळेच्या खात्याची रिक्वेस्ट स्वीकारायची. सगळं इंग्रजी आणि कन्नडमध्ये. येत्या पंधरा तारखेपर्यंत सही करून द्यायचं आहे.

लेकीचं खातं प्रायव्हेट. सत्तर-ऐंशी मैत्रिणी आणि आमच्या मांजराचे असंख्य फोटो. नवरा म्हणतो, "कर सही, मनात चोर नाही त्याला भीती कसली?" लेक म्हणते, "मग माझी डायरी पण नेऊन दे ऑफिसात," आणि शनिवारपासून अबोला धरून बसलीय. मी मधल्यामधे.

इतर शाळांत असं काही आलंय का? सही नाही केली तर काय होतं?

मारुती_गल्ली
करा सही आणि विषय संपवा. दहावीच्या तोंडावर शाळेशी वाकडं कोण घेतं?

कुंदाप्रेमी
मांजराच्या फोटोंनी शाळेच्या नावाला बाधा येणार? मांजर मराठी माध्यमाचं आहे का?

खानापूर_रोड
हसण्यावारी नेऊ नका. मी असाच कागद दोन वर्षांपूर्वी आनंदाने सही करून दिलाय, का ते सांगतो.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. आठवीत असताना प्रार्थनेच्या वेळी त्याला सुविचार वाचायला लावला. 'परिश्रम' शब्दावर अडकला. कुणीतरी बाकाखालून शूटिंग केलं. संध्याकाळी त्याची रील झाली. तोच 'प... प... प...' पुन्हा पुन्हा, मागे ढोल. शाळेच्या नावाचं एक कन्फेशन पेज होतं, कोण चालवतं कुणाला माहीत नाही, त्यावर टाकली. तीन दिवस मुलगा पोट दुखतंय म्हणून घरी. आम्ही डॉक्टरकडे नेऊन सोनोग्राफीसुद्धा करून आलो. चौथ्या दिवशी माझ्या भाच्याने रील दाखवली तेव्हा कळलं.

मुख्याध्यापकांकडे गेलो तर उत्तर काय? "हे गेटच्या बाहेरचं आहे, आम्ही काय करणार?" शूटिंग त्यांच्या प्रार्थनेत, पोरं त्यांची, पेजवर नाव त्यांचं, तरी गेटच्या बाहेरचं! मग शाळा बदलली. नव्या शाळेने हा कागद पुढे केला तेव्हा मला बरंच वाटलं, निदान ही शाळा बघते तरी म्हणून. मुलगा अजूनही फोन उचलत नाही, मेसेज करतो.

वडगावची_आई
@खानापूर_रोड, वाचून पोटात कालवलं. लेकाला आशीर्वाद सांगा.

गणपतगल्ली_बॉय
ओ मावशी, काय सही बिही करू नकोसा. आमच्या शाळेत एक पीटी सर होते. पोरीच्या नावानं अकौंट काढलेले, डीपीला कुठल्यातरी हिरॉईनीचा फोटो. सगळ्या पोरांना रिक्वेस्ट पाठवूलालते. आमच्यातल्या बाराजणांनी अॅक्सेप्ट केली, चौघांनी तर "हाय डिअर" पण पाठवलं. सोमवारी त्या चौघांना ग्राऊंडवर उभं करून सगळे मेसेज वाचून दाखवले की हो! एकाला आजपण गावात त्याच नावानं ओळखतात, "डिअर".

मारुती_गल्ली
पण मला सांगा, ५० वर्षांचा माणूस रात्री पोरीच्या नावाने पोरांशी चॅट करत बसतो, तर शिस्त समितीने आधी कुणाला उभं करायचं?

कुंदाप्रेमी
@गणपतगल्ली_बॉय, त्या चौघांत तू कितवा?

गणपतगल्ली_बॉय
वकिलाला विचारून सांगतो.

निवृत्त_मास्तर
हा प्रश्न नवा नाही, फक्त यंत्र नवं आहे. मी १९८१ ते १९८६ खानापूर भागातल्या एका बोर्डिंगात रेक्टर होतो. मुलांची पत्रं मी स्वतः फोडलेली आहेत. आधी हे कबूल करतो, मग पुढचं लिहितो.

निळं अंतर्देशीय पत्र तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. त्याच्या घड्या डिंकाने चिकटलेल्या असत. चहाच्या किटलीच्या तोंडाशी धरलं की अर्ध्या मिनिटात सुटत. वाचून झालं की भाताच्या शिताने पुन्हा चिकटवायचं. वरून आदेशच होता: येणारी-जाणारी पत्रं पाहावीत, मुलं बिघडू नयेत.

सहावीतल्या एका मुलाने बापाला लिहिलं होतं, "आमटी पाण्यासारखी असते, भाकरी दोनच देतात, भूक लागते." मी त्याला बोलावलं. मारलं नाही. फक्त म्हणालो, "बाळ, संस्थेची अशी बदनामी करतात का?" त्यानंतर दोन वर्षं त्याची सगळी पत्रं मी वाचली. प्रत्येक पत्र अक्षरशः सारखं: "मी येथे खुशाल आहे. अभ्यास चालू आहे. काळजी नसावी." पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. त्याने घरीही कळवलं नाही आणि मलाही सांगितलं नाही. डोळे पिवळे दिसले तेव्हा स्वयंपाक्याच्या लक्षात आलं. त्याही आठवड्याचं पत्र माझ्या टेबलावर पडलं होतं. "मी येथे खुशाल आहे."

मुलगा बरा झाला. मी त्यानंतर किटलीवर पत्र धरलं नाही. वरिष्ठांना मात्र 'पत्रे तपासली' असाच शेरा देत राहिलो.

मलप्रभेकाठी
मास्तर, दंडवत.

पीयूसी_पास
मास्तर काका, आमच्या पिढीत त्या पत्राला 'मेन अकाउंट' म्हणतात. 😄

खरंच सांगते. दोन वर्षांपूर्वी मीपण दहावीतच होते. आमच्याकडे प्रत्येकीची दोन खाती. मेनवर आई, मामा, टीचर, गणपतीचे फोटो, 'हॅपी टीचर्स डे'. दुसरं 'स्पॅम', पंधरा-वीस जणींचं, नाव भलतंच. रडणं, शिव्या, कोण आवडतो, सगळं तिकडे. शाळेने आयडी मागितले तेव्हा सगळ्यांनी मेन दिलं. वर्षभर शिस्त समितीने आमचे गणपती पाहिले असतील.

आणि शाळेला खातं दिसत नाही हो, स्क्रीनशॉट दिसतो. शिस्त समिती म्हणजे दोन सर आणि वर्गातले पाच-सहा चुगलखोर. माझं स्पॅम माझ्याच मैत्रिणीने दिलं होतं, कारण आमचं भांडण झालं होतं. तिला त्या वर्षी क्लास लीडर केलं. मला एका मॅडमनी ऑफिसात बसवून माझीच पोस्ट मोठ्याने वाचायला लावली. पोस्ट अशी होती की मला घरी जावंसं वाटत नाही. मॅडम म्हणाल्या, "यात शाळेचं नाव का घेतलंस?" घरी का जावंसं वाटत नाही, हे कुणी विचारलं नाही.

वडगावची_आई
बाळ, आता ठीक आहेस ना?

पीयूसी_पास
हो काकू, आता मस्त. हॉस्टेलला आहे. मी येथे खुशाल आहे. (खरंच!)

नेहमीचा_शंकासुर
धागाकर्तीला एक आगाऊ प्रश्न. तुम्ही स्वतः मुलीचा फोन बघता का?

वडगावची_आई
अपेक्षित होता हा प्रश्न.

बघते. ती आंघोळीला गेली की. चार आकडी पासवर्ड आहे, मांजर आणलं त्या दिवसाची तारीख, मला माहीत आहे हे तिला माहीत नाही. चॅट उघडत नाही, नुसती नावं बघते. आता तुम्ही म्हणाल मग शाळेने बघितलं तर काय बिघडलं. तेच मला नीट सांगता येईना म्हणून धागा काढला.

मारुती_गल्ली
आईने बघणं वेगळं. आई बघून पोटात ठेवते, शाळा बघून फाईलीत ठेवते.

निपाणीचा_वकील
जरा कायद्याचं. कोर्टात नसताना फुकट बोलतो, त्यामुळे तितकीच किंमत द्या.

१. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने एकमताने सांगितलं की खासगीपणा हा घटनेच्या कलम २१ खालचा मूलभूत हक्क आहे. तो खटला लावणारे पुट्टस्वामी हे आपल्या कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये आधारविरुद्ध कोर्टात गेले तेव्हा वय ८६. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. खासगी शाळेला तो थेट लावताना वाद होतो, म्हणून नुसत्या त्या निकालावर विसंबू नका.

२. दुसरा आधार २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण 'मूल'. मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, याला कलम ९ मध्ये मनाई आहे.

३. आता गोम. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये या कायद्याचे नियम आले, त्यात शाळांना सूट दिली आहे: शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाळत चालेल. 'शाळेच्या नावाला बाधा' हे मात्र या दोन्हीत बसत नाही. तुमच्या कागदावर नेमकं तेच लिहिलंय. शिवाय ही मुख्य कलमं नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत, तेव्हा लगेच उद्या शाळेवर केस टाकायला निघू नका.

४. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती हवी, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. फीच्या कागदाला मागून टाचलेल्या सहीत मोकळेपणा कितपत, ते तुम्हीच ठरवा.

५. आणि हे आपल्या भागासाठी: संमती मागताना ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, असं कायदा म्हणतो. मराठी त्या अनुसूचीत आहे.

सीमावासी_६५
पाचवा मुद्दा फ्रेम करून लावतो!

चंदगडकर
वकीलसाहेब, आमची पोरं चंदगडहून रोज एसटीने बेळगावला शाळेला. महाराष्ट्राची पोरं, कर्नाटकची शाळा. कुणाचा कायदा?

निपाणीचा_वकील
हा केंद्राचा कायदा, दोन्हीकडे एकच. तुमच्या पोरांचे वांधे एसटी वेळेवर न येण्याचे आहेत, त्यावर कलम नाही.

शहापूर_ते_फिली
मूळचा शहापूरचा, गेली अठरा वर्षं फिलाडेल्फियाजवळ. इकडचं थोडं.

आमच्याच उपनगरांत लोअर मेरियन नावाचा शाळा-जिल्हा आहे, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळांचं मंडळ. त्यांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेले तर सापडावेत म्हणून दूरवरून कॅमेरा चालू करायची सोय ठेवली. २०१० मध्ये उघड झालं की तो कॅमेरा मुलांच्या घरात, त्यांच्या खोल्यांतही फोटो काढत होता. प्रकरण ६ लाख १० हजार डॉलर देऊन मिटवलं. पाळत ठेवायचा हेतू नव्हता असंच म्हणत होते. सोय केली की ती वापरली जाते.

दुसरं, हेही पेन्सिल्व्हेनियाचंच. चिअरलीडिंगच्या मोठ्या संघात निवड झाली नाही म्हणून एका १४ वर्षांच्या मुलीने शनिवारी दुकानातून स्नॅपचॅटवर बोट दाखवून शिवी टाकली, शाळेला आणि सगळ्यालाच. चोवीस तासांत नाहीसा होणारा स्नॅप. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला (पीयूसी_पास म्हणतेय तेच), शाळेने वर्षभर संघातून काढलं. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक असा मुलीच्या बाजूने लागला. पण कोर्टाने शाळेचे हात पुरते बांधले नाहीत. छळ, धमक्या असतील तर गेटबाहेरही शाळेला काही अधिकार आहे म्हणाले.

म्हणजे खानापूर_रोडच्या मुलाच्या वेळी "गेटच्या बाहेरचं आहे" हे उत्तर इकडच्या कोर्टातही चाललं नसतं.

खानापूर_रोड
हेच तर म्हणतोय मी. जिथे बघायचं तिथे बघत नाहीत.

मलप्रभेकाठी
पण काका, तुमच्या मुलाच्या केसमध्ये शाळेने त्याचं खातं बघून काय झालं असतं? त्याने तर काहीच पोस्ट केलं नव्हतं. त्रास देणारं पेज निनावी. तक्त्यात निनावी पेजचा आयडी कोण भरून देणार आहे?

खानापूर_रोड
...हा मुद्दा खरा आहे. यावर मी विचार केला नव्हता.

हलशीचा_पाव्हणा
आता मूळ दुखण्यावर येतो. बेळगावात 'शाळेच्या नावाला बाधा' म्हणजे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

आमच्या गावातला पोरगा, माझ्या चुलतभावाचा, दहावीला. एक नोव्हेंबरला व्हॉट्सअॅप स्टेटसला काळा चौकोन ठेवला. एक अक्षर लिहिलं नाही. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ इकडे घरोघरी १९५६ पासून त्या दिवशी काळा दिन पाळतात, आजोबा दंडाला फीत बांधून सायकल फेरीला जायचे, त्याला त्यात वेगळं असं काही वाटलंच नाही. आता वर्गाचा ग्रुप आहे, लॉकडाऊनात ऑनलाईन वर्गासाठी काढलेला, तो अजून चालूच. त्यामुळे सरांचा नंबर याच्याकडे, याचा सरांकडे. तीन तारखेला भावाला शाळेत बोलावलं.

भावाबरोबर मीही गेलो होतो. टेबलावर पोराच्या स्टेटसची रंगीत प्रिंट काढून ठेवलेली. काळा चौकोन! सगळी शाई त्यातच गेली असणार. समोर माफीनामा, कन्नडमध्ये, टाईप केलेला. भाऊ सातवी शिकलेला, मराठीतून. कन्नड बोलतो फर्डा, बाजारात, बँकेत, पण वाचता येत नाही. सर म्हणाले, "ओदी सही माडरी." वाचून सही करा. भावाने कागद हातात धरला, जरा वेळ नजर फिरवली जसं काही वाचतोय, आणि सही केली. बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "पप्पा, कागद उलटा धरला होता तुम्ही."

त्या दिवसापासून पोराचं स्टेटस म्हणजे रोज सकाळी सूर्योदय आणि 'शुभ सकाळ'.

सीमावासी_६५
ह्यासाठीच म्हणतो, आधी सीमाप्रश्न सुटला पाहिजे. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, ८६५ गावं

गणपतगल्ली_बॉय
आला, आला, धागा एक नोव्हेंबरवर आला. पन्नास प्रतिसादांच्या आत आला, पैज जिंकलो.

धारवाडची_सून
माहेर अनगोळ, मराठी. सासर कन्नड. हलशीच्या पाव्हण्यांचं वाचून वाईट वाटलं, पण नाण्याला दुसरी बाजू आहे, ती मी घरात बघते. माझ्या नणंदेचा मुलगा शहरातल्या एका मराठी संस्थेच्या शाळेत होता. त्याने राज्योत्सवाला, म्हणजे त्याच एक नोव्हेंबरच्या कर्नाटक स्थापना दिनाला, कन्नड लाल-पिवळा झेंडा डीपीला लावला. शाळेने नाही, पण एका सरांनी वर्गात "आपल्यातला कोण फितूर झालाय बघा" म्हणून सगळ्यांना फोन काढायला लावले. तो अकरा वर्षांचा होता. झेंडा सुंदर दिसतो म्हणून लावला होता.

दोन्ही मुलं एकाच गल्लीत क्रिकेट खेळू शकली असती. ज्याच्या हातात मुलांचे स्टेटस, तो कुठल्या भाषेचा आहे यावर सगळं चालणार असेल तर कुणालाच देऊ नका.

हलशीचा_पाव्हणा
ताई, मान्य. पूर्ण मान्य.

संपादक_मंडळ
सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे (आहेत, खरं तर सतरा). इथे शाळा आणि समाजमाध्यमं एवढ्यावर बोलावं. सीमावासी_६५ यांचा ८६५ गावांच्या यादीचा प्रतिसाद तिकडे हलवला आहे.

कुंदाप्रेमी
८६५ गावांत प्रतिसादसुद्धा स्थलांतरित!

फळा_आणि_खडू
इतका वेळ गप्प वाचत होते. मी शिक्षिका आहे, खासगी शाळेत, आणि आमच्या शाळेच्या अशाच समितीत मला बळेच घातलंय. दुसरी बाजू ऐकाच.

वर्गात ५२ मुलं. माझ्या वाट्याला तीन वर्ग. पेपर तपासणं, नोंदी भरणं, मध्ये जनगणना नाहीतर निवडणूक. रात्री साडेदहाला भांडी आवरून मी दीडशे पोरांच्या रील बघू? पहिल्या महिन्यात पाहिल्या. कुत्री, बाईक, नाच, नाच, बाईक. दुसऱ्या महिन्यात बंद केलं. मीटिंगमध्ये विचारलं की सगळे 'आक्षेपार्ह काही नाही' म्हणतो. मास्तरांच्या 'पत्रे तपासली' शेऱ्यासारखंच. आणि एखादं पोर खरंच अडचणीत असेल तर कागदावर आम्ही 'पाहत होतो', म्हणजे जबाबदारी आमची! संस्थाचालकांना हे कळत नाही.

एकदाच उपयोग झाला, पण तो समितीमुळे नव्हे. एका मुलीकडे माझा नंबर होता, गणिताच्या शंका विचारायला मीच दिलेला. रात्री अकराला तिचं स्टेटस दिसलं. शब्द सांगत नाही. चप्पल न घालता जिन्यात गेले आणि तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली झोपलीय. म्हटलं, उठवा, आणि पुन्हा फोन लावेपर्यंत तिच्याजवळ बसा. ती झोपलेली नव्हती. मुलगी आज शिकतेय. नंतर मी तिला विचारलं, मी बघीन हे माहीत होतं का? म्हणाली, "टीचर, तुम्ही एकट्याच तर होता त्या लिस्टमध्ये. बाकी सगळ्यांना हाईड केलं होतं."

म्हणजे तिने दाखवलं म्हणून मला दिसलं.

आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याखाली कळवणं आम्हाला बंधनकारकच आहे, त्यासाठी शिस्त समिती लागत नाही. पालकांनी दोन नंबर फोनमध्ये ठेवावेत: चाइल्डलाईन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३०.

मलप्रभेकाठी
या धाग्यावरचा सर्वात मोलाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

खानापूर_रोड
टीचर, तुमच्यासारखी एक जरी आमच्या पहिल्या शाळेत असती तर.

नेहमीचा_शंकासुर
तरीपण. तेरा वर्षांखाली इन्स्टाला परवानगीच नाही, सगळ्यांची पोरं जन्मतारीख खोटी टाकून बसलीत. त्या खोट्या तारखा टाकून कुणी दिल्या? आपणच. मग कुठल्या तोंडाने शाळेला नियम शिकवायचे? २०२५ पासून इन्स्टाने भारतातही अठराखालच्या मुलांची खाती आपोआप प्रायव्हेट करायला घेतलीत, पण २००१ साली जन्मलेल्या नववीच्या पोरीला ते कसं लागू होणार?

वडगावची_आई
२००३. 🙈

कुंदाप्रेमी
अभिनंदन, मुलगी मतदानाला पात्र आहे.

मारुती_गल्ली
मी पहिल्याच प्रतिसादात सही करा म्हणालो होतो. मागे घेतो. मास्तरांची कावीळ डोक्यातून जात नाहीये.

निवृत्त_मास्तर
माझ्याही गेलेली नाही.

वडगावची_आई
मंडळी, शेवटचं कळवते, कारण तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत.

वकीलसाहेबांचा पाचवा मुद्दा घेऊन ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाले, "मराठीत कशाला? तुम्हाला इंग्लिश येतं की." म्हटलं, येतं, पण घरात सासूबाईंना विचारल्याशिवाय मी सही करत नाही. (अर्धं खरं आहे.) आज दप्तरातून मराठी प्रत आली. कुणीतरी मशीनला घालून काढलेली दिसते, 'हँडल'ची मूठ आणि 'फॉलो'चा पाठलाग झालाय. सासूबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचली:

"विद्यार्थ्याच्या मुठीचे नाव लिहावे. शाळा विद्यार्थ्याचा पाठलाग करील. विद्यार्थ्यानेही शाळेचा पाठलाग करावा. पाठलागाची विनंती नाकारू नये."

सासूबाई म्हणाल्या, "अगो बाई, पोरीची जात, पाठलाग कसला करतात? पोलिसात सांगा!" लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. आठ दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकला.

तीन पानांवर सही केली. चौथ्या पानावरचा तक्ता मोकळा ठेवून खाली लिहिलं: "मुलीबद्दल काही काळजीचं वाटलं तर रात्री कितीही वाजता मला फोन करा," आणि माझा नंबर. शाळेकडून अजून उत्तर नाही. आलं की कळवीन. पासवर्डचं मात्र मी लेकीला रात्री सांगून टाकलं. ती काही बोलली नाही, सकाळी बदललेला होता.

खानापूर_रोड
फोन करा हे वाक्य मी पण आमच्या शाळेला लिहून देतो.

गणपतगल्ली_बॉय
"मुठीचे नाव" 😂😂 मावशी, त्याचा फोटो टाका की.

कुंदाप्रेमी
ते सगळं झालं. मांजराचं काय ठरलं?

वडगावची_आई
मांजराने शाळेची रिक्वेस्ट पेंडिंग ठेवली आहे.